खिळ्याखालचं लाकूड

वैशाख उतरणीला लागला की आमच्या गावात ठोक्यांचे आवाज सुरू होतात. सकाळी उन्हं तापायच्या आत माणसं शिड्या लावून आपापल्या छपरावर चढतात आणि मग या घराचं बोलणं त्या घरावर, असं सारं गाव वरच्या वर बोलत राहतं. "गण्या, वायसर हायती का रं चार?" "हायती, पर तुला गेल्या साली दिल्याली आदी दे." खाली बायका हसतात. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आमची घरं. इथं पाऊस आला की चार महिने मुक्कामालाच असतो, म्हणून तो यायच्या आधी प्रत्येक पत्रा, प्रत्येक खिळा हातानं चाचपून घ्यावा लागतो. महाबळेश्वरकडून येणारा वारा सैल पत्रा बरोबर हुडकून काढतो.

मी ओट्यावर बसून ते ठोके ऐकतो. इतक्या वर्षांत मला ते वेगवेगळे ओळखू येऊ लागले आहेत. खाली लाकूड असलं की हातोडीचा आवाज भरीव येतो, ठक् करून तिथंच थांबतो. खाली पोकळी असली की पत्रा दणदणतो आणि तो आवाज बराच वेळ अंगात राहतो. समोरचा गणू म्हणतो, "मास्तर, या की वर, लय ग्वाड वारं सुटलंय." मी हात हलवून नको म्हणतो. मास्तरांना उंचीवर चक्कर येते, असा गावाचा समज आहे. तो मीच करून दिला आहे.

यंदा हे ठोके मी घरात एकटाच ऐकतो आहे. माझी थोरली बहीण आक्का पाच वर्षं इथं माझ्याजवळ होती. ती गेल्या आठवड्यात तिच्या सासरगावी निघून गेली. ती का गेली ते लिहायचं म्हणजे तिचा नवरा कसा गेला ते लिहायला हवं. आणि तिचा नवरा कसा गेला, हे पाच वर्षं फक्त मला ठाऊक होतं.

आक्काला दिली माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडे. पावसात वाढलेली पोर तिकडं कशी राहील म्हणून आई वर्षभर डोळ्याला पदर लावीत असे. तिकडच्या सिद्धनाथावरून आमच्या दाजींचं नाव शिदू. माणूस उंच, काटक, उन्हानं काळा पडलेला आणि बोलायला मिस्कील. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. एका दुष्काळात ती संपली, आणि दाजी पुण्याकडे लष्कराच्या बराकी बांधायच्या कामावर गेले. तिथं ते पत्रे ठोकायला शिकले. मग दर वैशाखात माणातून निघून ते आमच्या डोंगरात यायचे, आक्काला घेऊन, आणि मृग लागेपर्यंत घरोघरची छपरं नीट करायचे. स्वतःच्या गावी त्यांच्या डोक्यावर मातीचं धाबं होतं आणि त्यावर वर्षाकाठी चार सरी पडल्या तरी लोक सिद्धनाथाला नारळ फोडत.

"मास्तर," ते मला म्हणायचे, "तुमच्या हितला पाऊस आमी कवा बघितलाच न्हाई. त्यो यायच्या आदी आमाला हाकलून देता. पाव्हना येनार म्हनून घर सारवायला बोलवायचं आन् पाव्हना आला की घालवायचं!"

"मग ऱ्हावा की औंदा," मी म्हणायचो.

"ऱ्हातो. पर तुमची भन म्हनती, तिकडं शेरडं उपाशी मरतील."

आक्का चुलीपुढून म्हणायची, "शेरडांचं नाव कशाला घेता? घरची वड तुमालाच लागती." आणि दोघंही हसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला वाटतं, त्यामुळेच ती एकमेकांशी असं पोरासारखं भांडायची.

छपराची तपासणी दाजी भरदुपारी करायचे. सारी दारं-खिडक्या लावून घ्यायचे, चूल विझवायला लावायचे, फटींत गोणपाटं कोंबायचे. घर काळोखानं भरलं की मग छपरातल्या भोकाभोकातून उन्हाचे ठिपके जमिनीवर उतरायचे. वैशाखात आमच्याकडे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, त्यामुळे ठिपका जिथं पडेल, त्याच्या बरोबर वर भोक. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात हा हिशेब चुकतो, असं ते सांगायचे. शाळेत मी मुलांना सूर्याच्या चाली शिकवत होतो, पण हे मला त्यांच्याकडून कळलं. आक्का खडू घेऊन एकेका ठिपक्याभोवती गोल काढत जायची. "आवं, हितं एक हाय. ह्यो बघा, माझ्या पायावर बी पडलाय." "त्यो न्हवं, त्यो तुझा तोडा चमाकतोय." काळोखात त्यांचे आवाज आणि जमिनीवर पसरलेला तो उन्हाचा चुरा. त्या घरात मी आयुष्यात सगळ्यात सुखी कधी होतो, असं कुणी विचारलं तर मी ती दुपार सांगेन. माझी पत्नी त्याआधीच वारली होती. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस माझ्या घरात माणसांचे आवाज असायचे.

छपरावर चालण्याचा त्यांचा एकच नियम होता. पाय खिळ्यांच्या ओळीवर टाकायचा. पत्रा स्वतःच्या बळावर माणूस पेलत नाही, खालचं आडवं लाकूड पेलतं, आणि ते लाकूड वरून दिसत नाही. ते कुठं आहे हे खिळे सांगतात. जिथून ओळीनं खिळे गेले, तिथं खाली लाकूड. "खिळा म्हंजी आमची वाट," ते म्हणायचे. "देवावर येकवेळ इस्वास न्हाई ठिवला तरी चालंल. खिळ्यावर ठिवावाच लागतो." चपला खाली काढून, अनवाणी, जरा गुडघ्यात वाकून ते त्या ओळीवरून असे चालायचे की पत्र्याला आवाज नसायचा.

मग लढाई आली. फौजेत गेलेल्या पोरांची पत्रं मी गावाला वाचून दाखवू लागलो, आणि बाजारातून घासलेटाबरोबर पत्राही नाहीसा झाला. माझ्या घराचं छप्पर तेव्हा गवताचं होतं, फक्त चुलीकडची बाजू पत्र्याची. साऱ्या घराला पत्रा घालायची मला हौस. एका वैशाखात कळलं की महाबळेश्वराला एका बंगल्याची घोड्यांची पागा मोडताहेत, जुने पत्रे मिळतील. दाजींना विचारलं. ते म्हणाले, "घ्या, पर ध्यानात ठिवा. दुसऱ्या घरचा पत्रा दुसऱ्या घरच्या मापानं भोकं पाडल्याला असतो. ती भोकं तुमच्या लाकडावर येनार न्हाईत, मधीच येतील. त्यास्नी डांबरात भिजवून चिंधी लावायची. खिळा मारून भोक बुजवायचं न्हाई. काय?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मास्तरांनी एकदा पाठ केलं म्हंजी झालं."

पत्रे हाती आले ते दिवाळीनंतर. दाजी तेव्हा त्यांच्या गावी होते. गावच्या सुताराला घेऊन मी छप्पर चढवलं. सांगितल्याप्रमाणे चिंध्याही लावल्या. मग रस्त्यावर उभा राहून वर पाहिलं. उन्हात चकचकणाऱ्या पत्र्यावर काळी ठिगळं. गावात पहिलं पूर्ण पत्र्याचं घर, मास्तरांचं घर, आणि ते देवी आलेल्या तोंडासारखं दिसत होतं. मला ते सहन झालं नाही. एका सुटीच्या दिवशी मी एकटाच वर गेलो, चिंध्या खरवडून काढल्या आणि त्या भोकांत आखूड खिळे, डोक्याखाली वायसरची चकती घालून, ठोकले. माळ्यावर जाऊन आतून त्यांची टोकं वाकवली. मुळात त्या भोकांची ओळ थोडी वाकडी होती, तर दोरी धरून मी मध्ये चार-दोन खिळे जास्तीचेही मारले. रस्त्यावरून पाहिलं. सुरेख दिसत होतं. खऱ्या ओळींपेक्षा माझी खोटी ओळ सरळ होती.

मी विसरलो नव्हतो. हे मला आज लिहायलाच हवं. दाजींचं बोलणं माझ्या चांगलं ध्यानात होतं. मला वाटलं, ते आले की सांगू.

ते वैशाखात आले. आल्या आल्या दारातूनच मान वर करून पाहिलं आणि शीळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी चढायचं ठरलं. आंघोळ झाल्यावर आक्कानं त्यांना ओट्यावर बसवलं. माणदेशातल्या त्या मातीनं त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असायच्या. कोकणातून येणारं कोकमाचं तेल, तो पिवळट गोळा, तिनं पळीत पातळ केला आणि त्यांच्या टाचांना चोळू लागली.

"आगं, पत्र्यावर चढायचंय. पाय सटाकला म्हंजी?"

"मग नगा चढू. बसा हितंच."

"बगा मास्तर, घसरून पडलो तर तुमची भन जबाबदार."

हे सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या बायकांनीही ऐकलं. पुढचं फक्त मी पाहिलं. आक्का आत गेल्यावर दाजी चुलीच्या राखेच्या ढिगाशी गेले, दोन्ही तळव्यांना भरपूर राख चोळली, ती झटकली, पुन्हा चोळली, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिचं मन मोडायला नको म्हणून तिच्यासमोर पुसलं नव्हतं एवढंच.

त्या वर्षी आतून बघायची तपासणी अर्धीच झाली. माझी ओळ होती त्या रस्त्याकडच्या बाजूच्या माळ्यावर मी जळण रचून ठेवलं होतं. "तिकडचं काय?" दाजींनी विचारलं होतं. "तिकडं सगळं पक्कं हाय," मी म्हणालो होतो.

ते वर गेले. मी शिडीच्या वरच्या पायरीवर, हातात वायसरची डबी. त्यांनी आढ्यापाशी जाऊन दोन खिळे तपासले, मग खाली वळून सारं छप्पर नजरेखालून घातलं. माझ्या ओळीवर त्यांची नजर थांबली.

"मास्तर, ही वळ कुनी मारली?"

"मी."

"तुमी? शाळंतली पट्टी लावून मारली काय? आमच्या बराकीचा सायब खूश झाला आसता."

हा तो क्षण. त्याला मी कितीदा परत बोलावलं असेल! तोंड उघडायला पुरेल इतका तो मोठा होता. 'दाजी, ती ओळ नुसती भोकं बुजवायची हाय, खाली लाकूड न्हाई.' शाळेत रोज चार तास बोलणाऱ्या माणसाला एवढं बोलायला काय लागतं? पण दाजींनी कामाबद्दल कधी कुणाला शाबासकी दिलेली मी ऐकली नव्हती. ती मला आणखी थोडा वेळ हवी होती. सांगितलं असतं तर तिच्या जागी त्यांचं ते 'व्हय मास्तर, पाठ केलं व्हतं न्हवं?' आलं असतं. मी हसलो आणि खाली डबीत पाहिलं. मनात म्हणालो, ते तिकडं जायच्या आत सांगतो.

ते लगेच तिकडं आले. माझ्या ओळीवर पाय टाकून, गुडघ्यात वाकून, बिनआवाजाचे. तिसऱ्या की चौथ्या पावलाला पत्रा खाली दबला. मोडला नाही, फाटला नाही, नुसता खोलगट झाला, आणि दाजी कुशीवर येऊन उतारावरून घसरत गेले. अंगणात फरशी होती. शेजारपाजारच्यांनी पाहिलं ते एवढंच, की माणूस घसरला. आक्का पिठाच्या हातानं धावत आली आणि तिनं पहिल्यांदा त्यांचे पाय धरले. तळवे उलटे करून पाहिले, हातानं पुसले, आणि ओरडली, "माझं त्याल! माझं त्याल!"

मी तिथंच होतो. हातात डबी तशीच होती. मी बोललो नाही.

नंतर सगळे तेच म्हणू लागले. समजूत घालायला येणाऱ्या बायका म्हणत, "तुजा काय दोस बाई, तू मायेनं लावलंस." म्हणजे तेल त्यांच्याही मनात ठरून गेलं होतं. दहावं झालं आणि मी शिडी लावून वर गेलो. वाकलेला पत्रा खालून-वरून ठोकून सरळ केला. माझे सारे खिळे उपटले. त्या भोकांना डांबरात भिजवलेल्या चिंध्या लावल्या, दाजींनी सांगितल्या होत्या तशा. आक्का खाली अंगणात येऊन उभी राहिली. "काय करतूस रं बापू वर?"

"दाजींचं ऱ्हायल्यालं काम पुरं करतोय."

तिनं वर बघून हात जोडले.

खून लपवणाऱ्याच्या मनात काय चालतं, असं लोक विचारतात. मी खून केला नाही. पण मला माहीत आहे, काय चालतं. काही चालत नाही. माणूस शाळेत जातो, हजेरी घेतो, पाढे म्हणवून घेतो. घरी आला की कुणीतरी त्याला गरम भाकरी वाढतं.

आक्का सासरी परत गेली नाही. सासूपुढं कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. ती माझं घर सांभाळू लागली. पाच पावसाळे तिनं माझ्याबरोबर त्या छपराखाली काढले. पत्र्यावर पाऊस पडू लागला की आमच्या घरात बोललेलं ऐकू येत नाही. मला ते बरं वाटायचं. ती भिंतीला टेकून वर पाहत बसायची आणि सर थांबली की म्हणायची, "थेंब गळाला न्हाई बग. त्येंचं काम." तेलाला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही. केसांना नाही, दिव्याला नाही. फोडणीचं तेलसुद्धा मीच पळीनं घालायचो, आणि ती तोंड फिरवून उभी राहायची. गावातल्या बायकांना ते नवल वाटेनासं झालं. मलाही वाटेनासं झालं, हे त्याहून वाईट.

आक्का जायच्या आदल्या दिवशी एक नवा पत्रेवाला आला होता. पाटणकडचा होता, वयानं पोक्त. चढायच्या आधी तो ओट्यावर टेकला आणि सहज म्हणाला, "आक्का, वाईच त्याल हाय का? टाच लय चिराळलीया."

आक्काच्या हातातला तांब्या पडला. तिनं त्या परक्या माणसाचे हात धरले. "नगं बाबा. तुजी घरवाली आसंल. नगं लावू." तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. ती त्याच्यापुढं रडत नव्हती, विनवत होती. मग हात सोडून परसात निघून गेली. मी त्या माणसाला आज काम नको म्हणून परत पाठवलं आणि तिच्यामागे गेलो.

ती उन्हात वाळायला घातलेल्या शेणी उलथत होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"आक्का, दाजी तेलानं पडले न्हाईत."

"तुला काय ठावं?"

मी सांगितलं. राखेपासून सुरुवात केली, मग पत्रे, चिंध्या, माझी ओळ, माळ्यावरचं जळण, त्यांची शाबासकी, दहाव्यानंतर उपटलेले खिळे. सगळं ओळीनं सांगितलं. ती शेणी उलथत राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिच्या हातात एक शेणी होती, ती तिनं खाली ठेवली नाही.

"राख लावली व्हती त्येंनी?"

"व्हय. दोनी पायांस्नी. माझ्यासमोर."

"आन् तू पाच वर्सं माझ्या हातचं जेवलास."

मी हाताशी असलेली एक शेणी उलथली.

"दहाव्याला त्येंची आई आली तवा मी तिला सांगितलं, मी मारलं तुज्या लेकाला. म्हातारी माझ्या तोंडावर थुकली. मी पुसलं बी न्हाई." ती हे आवाज न चढवता बोलत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. "तुला भ्या वाटलं आसंल. मानसाला वाटतं भ्या. पर एवडी वर्सं वाटतं व्हय रं?"

"आक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो."

"नगं ठिवू." तिनं पाय मागं घेतले. पलीकडं कुणाच्या तरी छपरावर ठोके चालू होते. मग तिनं विचारलं, "तू शिडीवर व्हतास. पडताना काय बोलले का?"

हे मला त्या दिवशीही सगळ्यांनी विचारलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं, काही नाही, वेळच मिळाला नाही. सगळी कबुली देतानासुद्धा एवढं मी मागं ठेवलं होतं. दाजी घसरत आले ते नेमके शिडीच्या दिशेनं आले होते. हात पुढं केला असता तर शिडी त्यांच्या हाताला लागली असती. पण शिडीवर मी होतो. मी खाली गेलो असतो. त्यांनी ओरडून पायानं पत्र्याला रेटा दिला आणि अंग बाजूला टाकलं, जिथं खाली फरशी होती.

"'मास्तर, बाजूला व्हा,' म्हनाले," मी सांगितलं. "आन् सोता बाजूला झाले."

आक्कानं ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. पाच वर्षांत तिला त्यांचा आवाज ऐकू आला असेल तर तो तेव्हा. तिचं तोंड उजळलं, अगदी थोडं, आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"एवडं एक बोलनं माझं व्हतं, बापू," ती म्हणाली. "त्ये बी तू ठिवून घेतलंस."